मालवाहू टेम्पोतून प्रवास : अपघात झाला तर भरपाई कोण देणार?

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. वस्तीतील मंडळी वर्गणी काढून टेम्पो किंवा ट्रक ठरवतात आणि बायका-मुले, म्हातारी माणसे मागच्या हौद्यात बसून निघतात. लग्नाचे वऱ्हाडही असेच जाते. अपघात झाला की मात्र घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : दवाखान्याचा खर्च कोण देणार?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. ड्रायव्हर कामावर असताना त्याच्या निष्काळजीपणाने प्रवासी जखमी झाला, तर गाडीचा मालक जबाबदार. मालक त्या वेळी घरी झोपलेला असला तरी त्याची सुटका नाही. गाडी विकली, पण आर.टी.ओ.त नाव बदलले नाही, तर कागदावरचा जुना मालकच जबाबदार धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे.

विमा असूनही भरपाई नाही?

खरी फसगत येथे होते. "गाडीचा विमा आहे" एवढे ऐकून आपण निर्धास्त होतो. खासगी बस, रिक्षा, टॅक्सी यांतील प्रवाशांचा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसांचा मात्र नाही. भाडे दिले असले तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल तसाच आहे. अपवाद मालाच्या मालकाचा किंवा त्याच्या माणसाचा. भाजीच्या पाट्या घेऊन त्याच गाडीतून बाजाराला जाणाऱ्या बाईला १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. वऱ्हाडाला ते नाही.

काही खटल्यांत, कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. म्हणजे बोजा शेवटी मालकावरच. रक्कम दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. आपल्यातलाच एखादा भाऊ कर्ज काढून टेम्पो घेतो, शब्द मोडवत नाही म्हणून माणसे भरतो आणि एका अपघातात गाडीसह घरही गमावून बसतो. जखमीच्या हातीही काही पडत नाही, कारण मालकाकडे देण्यासारखे काही उरलेलेच नसते.

मोटरसायकलचेही तसेच आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्याला कंपनीचे संरक्षण नाही. पॅकेज विमा असेल तर आहे.

अपघात झाल्यास

- पोलिसांत नोंद करा. एफ.आय.आर. व पंचनाम्याची नक्कल घ्या. दवाखान्याची प्रत्येक पावती जपून ठेवा.
- दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. आपण राहतो त्या भागातही तो करता येतो.
- १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. दुखणे बरे होण्याची वाट पाहू नका.
- चूक दुसऱ्या गाडीची असेल तर तिच्या मालकावर व विमा कंपनीवर दावा करा. तेथे हौद्यात बसलेल्यालाही भरपाई मागता येते.
- चूक सिद्ध करणे अवघड असेल तर कलम १६४ आहे. त्याखाली मृत्यूला ५ लाख व गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत.
- घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही न्यायालये मोल देतात. "ती कमावत नव्हती" असे कुणी म्हटले तर गप्प बसू नका.

वकिलाच्या फीची भीती नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले व अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे.

सर्वांत चांगले म्हणजे ही वेळच येऊ न देणे. पुढच्या जत्थ्यासाठी मंडळाने वर्गणी थोडी वाढवावी आणि प्रवासी परवान्याची बस ठरवावी. गाडी ठरवताना परवाना व विम्याचा कागद स्वतः वाचावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावा. बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याची ताकद दाखवली. ती घरात यायची असेल, तर कागद वाचण्याची सवय आधी घरात आली पाहिजे.