स्वभाव म्हणून सोडून दिलेला आजार

"तिचा स्वभावच तसा आहे." "ते पहिल्यापासून अबोलच." आपल्या घराघरांतून ही वाक्ये इतक्या सहज बोलली जातात की, त्यांच्याआड एखादा आजार वर्षानुवर्षे लपून राहू शकतो, हे आपल्या मनातही येत नाही. लग्नकार्यात मागच्या खोलीत बसून राहणारी काकू, निवृत्तीनंतर वर्तमानपत्रही न उघडणारे मास्तर, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला आणि दुपारपर्यंत अंथरुणातून न उठणारा मुलगा, अशी माणसे बेळगावच्या गल्ल्यांत, निपाणीच्या पेठेत, खानापूरकडच्या खेड्यांत तुम्ही पाहिली आहेत. त्यांतले एखादे तुमच्या घरातही असेल; कदाचित तुम्ही स्वतःच असाल. दीर्घकाळ टिकणारे नैराश्य हा आजार आहे, तो उपचाराने आटोक्यात येतो आणि त्याला लागणारी सोबतही दीर्घकाळची असावी लागते, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

साहित्याच्या व्याख्यानमालेत हा विषय कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. 'श्यामची आई' वाचताना डोळे भरून आले नाहीत असा मराठी माणूस विरळा. ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपवले. ही गोष्ट आपण दबक्या आवाजात बोलतो. गुरुजी फार हळवे होते, गांधीजींच्या हत्येनंतर खचले होते, असे म्हणून पुढे जातो. त्यांना कोणता आजार होता की नव्हता, हे आज कुणी ठरवू नये. पण दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्यांना जीव लावणारी माणसे महाराष्ट्रभर होती. आणि नैराश्यावर आज मिळतात तशी औषधे त्या वेळी जगात कुठेच नव्हती. अशा पहिल्या औषधांपैकी एक, इमिप्रामिन, याचा गुण स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलंड कून यांनी जगापुढे मांडला तो १९५७ साली. म्हणजे १९५० मध्ये प्रेम पुष्कळ होते, उपाय नव्हता. आज उपाय आहे. आपण मात्र अजून 'हळवा स्वभाव' या शब्दांपाशीच थांबलो आहोत.

प्रथम दुःख आणि नैराश्य यांतला फरक पाहू. घरातले माणूस गेले, तंबाखूचा भाव पडला, मुलगी सासरी गेली, की मन खचते. गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा आहे. असे दुःख येते, ओसरते, पुन्हा येते; मधेच नातवंड मांडीवर आले की क्षणभर हसूही फुटते. नैराश्यात ते हसू फुटत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे मन उदास राहिले किंवा कशातच गोडी वाटेनाशी झाली, त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड झाला, उगाचच अपराधी वाटू लागले, जगणे नकोसे झाले, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार मानतात. याचा एक सौम्य दिसणारा पण चिवट प्रकार आहे. त्यात माणूस कामावर जातो, स्वयंपाक करतो, पाहुण्यांना चहाही देतो. पण दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस, उदासच असतो. त्याला डिस्थायमिया म्हणतात. घरच्यांना जो 'स्वभाव' वाटतो तो अनेकदा हाच आजार असतो. इतकी वर्षे लोटल्यावर हे माणूस आधी कसे होते, हे कुणाला आठवतच नाही. कधीकधी त्याला स्वतःलाही आठवत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. "मला नैराश्य आले आहे" असे आपल्याकडे सहसा कुणी म्हणत नाही. "डोकं जड झालंय", "अंगात त्राण नाही", "घास उतरत नाही", "छातीत धडधडतंय", "कशात जीव लागत नाही" असे म्हणतात. पुरुष पुष्कळदा तेवढेही न बोलता संध्याकाळी बाटलीकडे वळतात. वडीलधाऱ्यांत तर हा आजार बऱ्याचदा शरीराच्या तक्रारींच्या रूपानेच येतो. मग ईसीजी होतो, सलाईन लागते, टॉनिकच्या बाटल्या येतात. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रुग्ण अधिकच एकटा पडतो, कारण त्याचे दुखणे आता खोटे ठरलेले असते. ते खोटे नसते. तुमच्या घरात असे वरचेवर होत असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "हे मनाचं दुखणं असू शकेल का?" बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की, दर २० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, आणि ज्यांना ते असते त्यांतल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नसतात.

हे का होते? एकच एक कारण नसते. काही घराण्यांत हा कल पिढीजात असतो. बालपणीचे घाव, कर्ज, व्यसन, बाळंतपण, जोडीदाराचा वियोग, मुले बंगळूर-पुण्याला किंवा परदेशी गेल्यावर मोठ्या घरात उरलेले एकटेपण, यांपैकी काहीही त्याला खतपाणी घालते. थायरॉईडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून सुरुवातीला रक्ततपासणी करून घ्यावी. कुणी म्हणेल, "बाहेरचं आहे, वाडीला घेऊन जा." नरसोबाच्या वाडीला जाऊन मनाला शांती मिळत असेल तर जरूर जावे, फक्त गोळ्या बंद करून जाऊ नये.

उपचाराचे मुख्य मार्ग दोन, औषध आणि बोलणे. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. अनेकांना दोन्हींचा उपयोग होतो. औषधाविषयी एक गोष्ट आधीच माहीत असली तर पुष्कळ निराशा टळते. गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६ही लागतात. मळमळ, अस्वस्थता असे किरकोळ त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच होतात. त्यामुळे बरेच लोक पहिल्याच आठवड्यात "गोळ्या मानवत नाहीत" म्हणून सोडून देतात. या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचे व्यसन लागत नाही. पण एकाएकी थांबवल्या तर चक्कर, चिडचिड असे त्रास होतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायच्या असतात. बरे वाटू लागल्यावरही साधारण ६ ते ९ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि वारंवार उलटणाऱ्या आजारात दोन वर्षे किंवा अधिक. मधुमेहाची गोळी आपण रोज निमूट घेतो. हीही तशीच घ्यायची.

बोलण्याच्या उपचाराला मराठीत चांगली परंपरा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू करून मनाचे आरोग्य हा घरोघरी बोलण्याचा विषय केला. या पद्धतीचे सूत्र साधे आहे. मुलाचा फोन आला नाही, ही घटना. "म्हणजे मी आता कुणाला नकोशी झाले," हा आपण तिच्यावर चढवलेला अर्थ. उपचारात तो अर्थ तपासायला शिकवतात. दुसरे सूत्र असे की, मन लागण्याची वाट पाहत बसायचे नाही. आधी छोटे काम करायचे, मन मागून येते. सकाळी तुळशीला पाणी घालणे, पंधरा मिनिटे चालणे, एवढ्यापासून सुरुवात पुरते.

आता आपल्या सीमाभागाची म्हणून एक खास अडचण. निपाणीकराला कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव जवळपास त्याच्या दुप्पट. कुणाचे नातेवाईक मिरजेला. म्हणून पहिल्या महिन्यात कोल्हापूर, दुसऱ्या महिन्यात बेळगाव, मग कुणी सुचवले म्हणून मिरज असे होते. प्रत्येक ठिकाणी कहाणी पुन्हा पहिल्यापासून, आणि गुण येण्याआधीच गोळी बदललेली. दीर्घ आजारात याने फार नुकसान होते. जवळचे, परवडणारे आणि तुमचे बोलणे ऐकून घेणारे एक डॉक्टर ठरवा आणि निदान काही महिने तिथेच टिकून राहा. एक वही करा. गोळीचे नाव, प्रमाण, सुरू केल्याची तारीख आणि पडलेला फरक तीत मराठीत लिहीत जा. कधी डॉक्टर बदलावेच लागले तर ती वही आणि जुनी कागदपत्रे बरोबर न्या.

भाषेचेही तसेच. मनाचे दुखणे माणूस आपल्याच भाषेत धड सांगू शकतो. "जीव लागत नाही" हे दुसऱ्या भाषेत सांगताना अर्धे हरवते. हा मराठी-कन्नड वादाचा मुद्दा नाही. शेजारच्या कन्नड घरातल्या आजीलाही पुण्यात गेल्यावर हीच अडचण येते. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्कही दिला आहे, आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तेव्हा संकोच न करता म्हणा, "डॉक्टर, मराठीत सांगा."

जायचे कुठे? बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. धारवाडला डिम्हान्स ही या विषयाला वाहिलेली सरकारी संस्था आहे. निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ पडते. कर्नाटकाचा या क्षेत्रातला वाटा मोठा आहे. निम्हान्सने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून मानसिक उपचार देण्याचा प्रयोग केला, आणि त्याच्याच धर्तीवर १९९६ पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली तालुक्याच्या ठिकाणीही तज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात. आपल्या सरकारी रुग्णालयात कोणता वार ते विचारून घ्या. घराबाहेर पडणेच जमत नसेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते आणि तीत मराठी भाषा निवडता येते.

डॉक्टर महिन्यातून पंधरा मिनिटे भेटतात. बाकीचा महिना घराचा असतो. "मनावर घेऊ नकोस", "तुला कमी काय आहे?", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" ही वाक्ये चांगल्या हेतूने म्हटलेली असली तरी ऐकणाऱ्याला एकच गोष्ट सांगतात, की हा तुझाच दोष आहे. त्यापेक्षा शेजारी बसा. "आज कसं वाटतंय?" विचारा आणि उत्तर आले नाही तरी उठून जाऊ नका. डॉक्टरांकडे बरोबर जा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यात नैराश्यातून सावरत असलेली एक बाई तशाच खचलेल्या तरुणाला प्रश्न न विचारता घरात जागा देते. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा तो चित्रपट आहे.

कुणी "मी नसलो तर बरं होईल" असे बोलू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर ते नाटक समजू नका. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पोलीस केस होईल या भीतीने थांबू नका. असा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला वरील कायदा गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानतो.

सांभाळणाऱ्याचीही आठवण ठेवली पाहिजे. वर्षानुवर्षे आजारी नवऱ्याचे किंवा सुनेचे करणारी बाई स्वतः खचते. दोन दिवस तिची जबाबदारी नणंदेने, दिराने, शेजाऱ्याने उचलली तर ते औषधाइतकेच मोलाचे आहे.

आपल्या भागात वाचनालये आहेत, भजनी मंडळे आहेत, गावोगावची साहित्य संमेलने आहेत. इतक्या वर्षांत आपण भाषा टिकवली ती एकमेकांच्या दारात जाऊनच. त्या सवयीचा उपयोग इथेही होईल. दर शनिवारी येणारा एखादा सभासद गेले दोन-तीन महिने पुस्तक बदलायला आला नसेल, तर दंडाची चिठ्ठी पाठवू नका. त्याला आवडेल असे पुस्तक घेऊन त्याच्या घरी जा, चहा घ्या, थोडा वेळ बसा. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जा.