शेवगाव कोणत्या रकान्यात?

बोधेगाव, चापडगाव, घोटण, मुंगी. या गावांचा शाश्वत विकास कुठवर आला हे मोजायला केंद्र सरकारकडे एक निर्देशांक आहे. पुणे-नागपूरसाठी दुसरा आहे. ज्याच्या नावाने सगळा तालुका ओळखला जातो, त्या शेवगावसाठी मात्र दोन्ही नाहीत.

यात कुणाचा डाव नाही. पहिला निर्देशांक ग्रामपंचायतींचा आहे आणि शेवगावची ग्रामपंचायत आता नगरपरिषद झाली आहे. दुसरा शहरांचा. नीती आयोगाने २०२१ मध्ये तो काढला तेव्हा ५६ शहरं घेतली, दहा लाखांवर वस्तीची आणि राज्यांच्या राजधानीची. आठवडे बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांचा राबता असलेलं, कापसाच्या गाड्या येणारं, तहसील आणि पंचायत समिती असलेलं तालुक्याचं गाव या दोन चाळण्यांच्या मधून खाली पडतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी शाश्वत विकासाची १७ ध्येयं आणि त्यांखालची १६९ लक्ष्यं मान्य केली. मुदत २०३०. कुणी कुणाला दंड करणार नाही, पण दर जुलैत न्यूयॉर्कला बैठक भरते आणि ज्या देशाची तयारी असेल त्याने आपला आढावा आपणच मांडायचा. भारताने तो तीनदा मांडला : २०१७, २०२० आणि २०२५. पुढे शहरांनाही वाटलं, आपणही मांडावा. २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराने मांडला, त्याच वर्षी जपानमधल्या तीन नगरांनी मांडला. त्यांतलं शिमोकावा हे होक्काइदोच्या जंगलातलं, साडेतीन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. आपल्याकडे पहिला मान भोपाळचा, २०२३ मध्ये. म्हणजे गाव लहान आहे ही सबब शिमोकावाने सात-आठ वर्षांपूर्वीच निकालात काढली आहे.

आपल्या भागात ‘आढावा’ म्हटलं की आढावा बैठकच आठवते. समोर साहेब, हातात फायली, मागच्या रांगेत आज कुणाची पाळी म्हणून धास्तावलेले कर्मचारी, मधे चहा. त्यात गावाने गावाचा आढावा घेणं असं काही नसतं. वरच्याने खालच्याचा घ्यायचा असतो. शाश्वत विकासाची सगळी भाषा याच्या उलटी आहे. ती म्हणते, गाव स्वतःला तपासेल, त्यातून राज्य, राज्यांतून देश. या शिडीच्या पायऱ्या आपल्याकडे खऱ्याच आहेत. पंचायतराज मंत्रालयाने १७ ध्येयांच्या नऊ संकल्पना केल्या : जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, आरोग्यदायी गाव, महिलास्नेही गाव वगैरे. ग्रामपंचायतीने वर्षाचा आराखडा त्यांना धरून करायचा. महाराष्ट्रात तो ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने होतो. आराखडा संगणकावर चढतो, मग मोजणी होते आणि गुण पडतात.

ती मोजणी, म्हणजे पंचायत प्रगती निर्देशांक, पहिल्यांदा एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाली. आकडे २०२२-२३ चे. त्याआधीची चाचणी आपल्याच राज्यात झाली होती, पुणे, सातारा, सांगली आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत. देशातल्या २,५५,६९९ पंचायतींपैकी २,१६,२८५ पंचायतींची माहिती तपासून धरली गेली. निर्देशक ४३५. ते कुणी भरले? कालपरवापर्यंत ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत होतो आणि आता ज्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे त्यांनी. शेजारी संगणक परिचालक, माहिती पुरवायला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शाळेचे गुरुजी. एकेका अधिकाऱ्याकडे दोन-दोन गावांचा कार्यभार असताना ४३५ रकाने! पुढच्या फेरीत त्यांची संख्या बरीच खाली आणली, हे शहाणपण.

निकाल मात्र प्रामाणिक लागला. नव्वदच्या वर गुण मिळवणारी पंचायत देशात एकही नाही. ७५ ते ९० मध्ये ६९९. सर्वांत मोठा घोळका ४० ते ६० मध्ये, १,३२,३९२ पंचायतींचा. सरकारी गुणपत्रिकेत पहिल्या वर्गाचा रकाना रिकामा ठेवण्याचं धाडस सहसा होत नाही. इथे झालं.

शिडी चढता चढता आकड्याचं काय होतं, ते पाण्यात दिसतं. शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आणि नाथसागराचा फुगवटा. १९७६ मध्ये जायकवाडी धरण उभं राहिलं, त्याच्या पाण्याखाली इथल्या नदीकाठच्या जमिनी गेल्या. इकडे मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं शेपूट येतं, म्हणजे ‘टेलची गावं’. पाणी सुटल्याचं पेपरात आधी वाचायचं, चारीत नंतर बघायचं. पाथर्डीच्या बाजूला सरकावं तसा जिरायत पट्टा. त्यात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला नंदिनी नदीला आला तसा पूर, तोही याच तालुक्यात. या सगळ्याची एक सरासरी काढली की धरणाकाठचं गाव आणि टँकरची वाट पाहिलेलं गाव एकाच उंचीचं दिसतं. सहावं ध्येय पाण्याचं आहे, पण त्याला नदीची कोणती बाजू ते कळत नाही.

जलजीवन मिशनची व्याख्या चांगली आहे : नळजोडणी ‘कार्यरत’ म्हणायची तर माणशी रोज ५५ लिटर, पिण्याजोगं आणि नियमित पाणी हवं. शिवाय या योजनेने दोन वेगळे रकाने ठेवले. ‘हर घर जल’ गाव आधी विभाग जाहीर करतो. मग ग्रामसभा ठराव करते की होय, आमच्या घरोघरी पाणी येतं, तेव्हा ते प्रमाणित होतं. जाहीर आणि प्रमाणित. माझ्या मते स्थानिक आणि राष्ट्रीय आढावा खरोखर एकमेकांना जोडणारी जागा देशात कुठे असेल तर ती या दोन रकान्यांच्या मधे आहे. दिल्लीचं म्हणणं आणि गावाचं म्हणणं शेजारी-शेजारी ठेवलेलं, आणि दोन्हींतला फरक कुणालाही वजा करून पाहता येणारा. न्यूयॉर्कला जाताना मात्र बरोबर जातो तो जोडण्यांचा एकूण आकडा. नळ बसला की तो भरतो. पाणी कितव्या दिवशी येतं हे त्याला विचारता येत नाही.

दुसरी गळती माणसांची. दिवाळीच्या पुढेमागे शेवगाव-पाथर्डीतून ऊसतोडीला कोयता निघतो. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, बरोबर लहानगं, गाडीत चूल आणि पत्रा. परतायचं मार्च-एप्रिलला. ग्रामसभेच्या ठरलेल्या चार तारखा बघा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आराखड्याची मोहीम ऑक्टोबरात सुरू होते आणि तो पक्का होण्याच्या दिवसांत ही माणसं कुठल्या तरी कारखान्याच्या गाळपक्षेत्रात थळात असतात. बालस्नेही गावाची चर्चा चालते तेव्हा ते लहानगं फडात असतं. त्याचं लसीकरण चुकलं तर ते या गावच्या खात्यात चुकलं की त्या गावच्या? देशाच्या आढाव्याचं ब्रीद आहे, कुणालाही मागे ठेवायचं नाही. आणि इथे गाव माणसांना मागे ठेवत नाही, माणसंच गावाला मागे ठेवून जातात, आणि मोजणी गावातच बसून होते.

महाराष्ट्राला गाव तपासण्याची विद्या नवी नव्हती. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तपासणी समिती येणार म्हणून आदल्या रात्री रस्ते झाडले जायचे, भिंतींवर म्हणी चढायच्या. थोडं नाटक होतंच. पण समिती डोळ्यांनी पाहायची, संडासाचं दार उघडून पाहायची. आता पाहायचं काम फोटोकडे गेलं आहे.

आणि शेवगावच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. त्याचं कौतुक इतकं झालंय की लिहिताना हात आखडतो, पण इथे नाव टाळता येत नाही. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस पर्जन्यमापकावर मोजायचा, जमिनीत किती मुरलं याचा हिशेब करायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. पाऊस कमी तर उन्हाळी पीक नाही. हाही आढावाच. फरक एवढाच की आकडा ज्याने मोजला, त्याच्याच शिवारावर तो त्याच हंगामात लागू होतो. तो आकडा वर गेला तरी बरं, नाही गेला तरी त्याचं काम झालेलं असतं.

‘जोडणी’ म्हणून सध्या जे चालतं ते बहुतेक एकाच दिशेचं आहे. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, दिल्ली, न्यूयॉर्क. परतीचं टपाल नाही. गावाला ५२ गुण पडले तर ते नऊपैकी कोणत्या संकल्पनेने खाली ओढले, पुढच्या आराखड्यात त्यासाठी कोणतं काम धरलं, हे गावाला कुणी वाचून दाखवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. तो नेमका कमी गुणांच्या ठिकाणी लागला का, हा प्रश्न विचारायला दोन कागद शेजारी धरावे लागतात. दोन्ही संकेतस्थळांवर आहेत. वेगवेगळ्या.

त्यातून बरीच वर्षं विचारायलाही कुणी नव्हतं. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिका प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात स्थानिक आढावा घेणारा आणि देणारा, दोन्ही खुर्च्यांवर अधिकारीच होते.

गावांना निदान एक सोय आहे. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत कोयता परतलेला असतो. त्या दिवशी गुणपत्रिका वाचायची म्हटलं तर शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. विषयपत्रिकेत एक ओळ वाढवली की झालं. बोधेगाव हे करू शकतं, घोटण करू शकतं. शेवगाव २०११ च्या जनगणनेत ग्रामपंचायतीचं गाव होतं, पुढच्या जनगणनेत, १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेला, ते नगरपरिषदेचं शहर म्हणून मोजलं जाईल. मधल्या काळात त्याचा दर्जा वाढला आणि जाता जाता ग्रामसभा तेवढी गेली.