चवथीपूर्वी टाकी साफ करताय? आधी हे वाचा



1 जूनपासून ट्रॉलर धक्क्याला आहेत, 31 जुलैपर्यंत बंदी. जाळ्यांची डागडुजी चालू आहे, इंजिनाची कामं चालू आहेत, आणि माणूस घरी दिसला की घरची कामंही निघतात. त्यातलं दरवर्षीचं एक काम म्हणजे चवथीपूर्वी पाण्याची टाकी साफ करणं. पाहुणे येणार, पाणी जास्त लागणार, म्हणून बेती, मालीम, पर्वरी भागात जुलैमध्ये घरोघरी टाक्या उघडल्या जातात. आम्ही आज दोन गोष्टी एकत्र सांगतो, कारण दोन्ही त्याच टाकीत आहेत. एक, नळाचं चांगलं पाणी घरात येऊन कसं बिघडतं. दुसरी, ती टाकी साफ करताना माणूस कसा जातो.

आधी पाण्याचं. आपल्या बार्देशच्या नळाला येणारं बरंचसं पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं. तिथे तिळारीच्या कालव्याचं पाणीही घेतात. गाळून, क्लोरीन घालून ते सोडलं जातं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस 10500, सांगतं की पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडू नये. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्यासोबत पाठवलेला राखणदार. वाटेत थोडी घाण शिरली तर तो ती मारतो, पण मारता मारता स्वतः संपतो.

घाण शिरते कुठून? गोव्याला ऑगस्ट 2022 मध्ये ‘हर घर जल’चं प्रमाणपत्र मिळालं, घरोघरी नळ पोचला हे खरं. पण नळ असणं वेगळं आणि नळाला चोवीस तास पाणी असणं वेगळं. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो. पाइपाला बारीक भेग असली तरी पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की दाब जातो, पाइप रिकामा होऊ लागतो आणि त्याच भेगेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आता आपल्या वाड्यांवरचे पाइप कुठून गेलेत ते बघा. गटारातून, गटाराच्या कडेने, सोकपिटाच्या शेजारून. पावसात गटार भरलेलं असतं. म्हणून पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं येणारं गढूळ पाणी टाकीत घेऊ नये. झाडांना द्या, अंगण धुवा.

त्यात काही जण थेट मेन लाइनला पंप जोडतात. शेजाऱ्याचं पाणी पळतं म्हणून त्यावर भांडण होतं, पण खरा धोका वेगळाच आहे. पंप लाइनमधून ओढतो तेव्हा अख्ख्या वाड्याच्या पाइपात दाब उणा होतो आणि वाटेतल्या प्रत्येक भेगेतून गटाराचं पाणी आत येतं. ते सगळ्यांच्या घरी जातं, पंप लावणाऱ्याच्या घरी तर सगळ्यात आधी. पाणी आधी आपल्या दाबाने संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) पडू द्या आणि मग तिथून पंपाने वर चढवा.

या संपचं झाकण म्हणजे आणखी एक भानगड. बहुतेक घरांत ते अंगणाच्या पातळीला असतं. पाऊस जोराचा झाला की अंगणातलं पाणी झाकणाच्या फटीतून आत जातं. झाकणाखालचा काठ निदान वीतभर उंच बांधून घ्या. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. लहान मुलं असलेल्या घरात झाकणाला कुलूप हवंच. संपमध्ये मूल पडलं तर वरून कोणाला दिसतही नाही.

घाण पाण्याने जुलाब होतात हे सगळ्यांना माहीत आहे. काविळीचं मात्र नीट समजून घ्या. हिपॅटायटिस ई ही पाण्यातून पसरणारी कावीळ अंगात शिरल्यापासून दिसायला दोन ते दहा आठवडे घेते, साधारण पाच-सहा आठवडे. म्हणजे आज डोळे पिवळे दिसले तर दोष आजच्या पाण्याचा नाही, महिन्या-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. तोवर घरातल्या सगळ्यांनी ते पाणी प्यायलेलं असतं. बहुतेक लोक यातून बरे होतात. पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर जिवाला फार मोठा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. घरात कोणी गरोदर असेल तर पावसाळाभर तिला उकळलेलंच पाणी द्या. खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवलं की पुरे.

क्लोरीन आहे म्हणून उकळायची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी घटना. दिल्लीत 1955 च्या डिसेंबरात आणि 1956 च्या जानेवारीत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेत पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत शिरलं होतं. तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवला होता, त्यामुळे टायफॉइडची साथ आली नाही, पण कावीळ आलीच. ती हिपॅटायटिस ई होती हे पुढे बऱ्याच वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं. घाण जास्त आणि पाणी गढूळ असलं की क्लोरीन कमी पडतो.

आता टाकीत उतरण्याचं. हे आपल्या लोकांना लवकर समजेल, कारण ट्रॉलरच्या होल्डचा अनुभव आहे. होल्डमध्ये मासळी सडली की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. बंद संपच्या तळाशी गाळ कुजला तर हाच वायू तयार होतो. शिवाय कुजणारा गाळ हवेतला ऑक्सिजनही खातो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 10 टक्क्यांच्या खाली गेला तर माणूस बेशुद्ध पडतो, आरडाओरडा करायलाही वेळ मिळत नाही. सेप्टिक टँकचं तर विचारूच नका, तिथे घरच्या माणसाने उतरायचंच नाही.

अशा अपघातात एकावर काम भागत नाही. आतला पडला म्हणून भाऊ उतरतो, तो पडला म्हणून शेजारी. एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या: आत माणूस पडला तर मागोमाग कोणी उतरायचं नाही. बाहेरून हवा सोडायची, दोरी असेल तर ओढायचं, 101 किंवा 108 ला फोन करायचा. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी आधीच बांधलेली हवी आणि दोरीचं टोक वर दोन माणसांच्या हातात.

दिवा सोडून बघायची जुनी रीत आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नका. दिवा जळला म्हणजे ऑक्सिजन आहे एवढंच कळतं, विषारी वायूचं काही कळत नाही. आणि पेट घेणारा वायू असला तर भडका उडतो. झाकण आदल्या दिवशी उघडून ठेवा, भोवती अडसर लावा, आणि सकाळी ब्लोअरने निदान अर्धा तास ताजी हवा आत सोडा. पाणी उपसायला डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप आत उतरवू नका, तोंडाशीही ठेवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीतच साचतो. खरं तर छोट्या संपमध्ये उतरायची गरजच नसते. लांब दांड्याचा ब्रश आणि होजपाइपने वरून काम होतं.

विजेचं एकच सांगतो. पाण्यातल्या पंपाचं नुसतं बटण बंद करून चालत नाही, एमसीबी पाडा आणि प्लग काढा. पंपाच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला हवा. आपल्याकडे काही इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबीच म्हणतात. नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडलेलं असेल तर आजच काढायला सांगा.

साफ केल्यावर निर्जंतुक करायचं ते असं. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. उघड्या पिशवीतली पावडर दिवसागणिक मरते. 1000 लिटरच्या भरलेल्या टाकीला 150 ग्रॅम पावडर घ्या. प्लास्टिकच्या बादलीत, उघड्यावर, पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी टाकीत ओता. रात्रभर ठेवा, सकाळी सगळं सोडून द्या, दोनदा धुवा. ते पाणी खाडीत जाणार नाही असं बघा, मासळीला क्लोरीन फार वाईट. हा हिशोब टाकी धुण्याचा, पिण्याच्या पाण्याचा नाही. विहिरीच्या पिण्याच्या पाण्याला 1000 लिटरला 2.5 ग्रॅम पावडर पुरते आणि तासभर थांबावं लागतं. दोन मीटर रुंद विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते जवळजवळ 9400 लिटर होतं, म्हणजे 24 ग्रॅम पावडर. आणि ब्लीचिंग पावडरजवळ संडासाचं अ‍ॅसिड कधीही आणू नका. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, न्हाणीघरासारख्या बंद जागेत तो जीव घेतो.

विहिरीवाल्यांनी सोकपिट निदान 15 मीटर लांब आहे ना ते मोजावं. आपली चिऱ्याची जमीन पाणी गाळत नाही, भोकाभोकांतून सरळ पुढे सोडते.

सध्या दारोदार फिल्टर विकणारे फिरताहेत. ते दोन तारा पाण्यात सोडतात, पाणी तपकिरी होतं, आणि म्हणतात बघा काय पिताय. ती घाण नाही, त्यांच्याच लोखंडी पट्टीचा गंज आहे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्यांचं टीडीएसचं पेनही फक्त क्षार मोजतं. गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा फारसा हलत नाही. मानकाप्रमाणे टीडीएस 500 पर्यंत चांगला, आणि डोंगरातून येणाऱ्या धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमीच असतात. नळाच्या पाण्याला आरओची गरज नसते, गाळून उकळणं किंवा साधा यूव्ही पुरतो. टँकरचं किंवा खाडीकाठच्या विहिरीचं पाणी खारट लागत असेल तर गोष्ट वेगळी. जंतू बघायचे तर पंचायतीत विचारा. जलजीवन मिशनखाली गावागावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायची योजना आहे.

बोटीवरचं थोडक्यात. डिझेलचा किंवा ऑइलचा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला नको. मासळीच्या बर्फाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात नको, तो बर्फ प्यायच्या पाण्याचाच असेल असं नाही आणि तो फरशीवरून घसरत आलेला असतो. तांडेलने खलाशांना हे सांगावं, नवीन पोरांना माहीत नसतं.

होल्डसाठी घेतलेला सोसायटीचा ब्लोअर सभासदांना टाकी साफ करायला मिळेल, भाडं नाही. एकच आहे, तेव्हा शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून दिवस ठरवा आणि ऑफिसात वहीत नाव लिहा. सकाळी 9 ते 1. आरसीसीबी नसलेल्यांनीही त्याच वहीत नाव द्यावं, दहा घरं झाली की इलेक्ट्रिशियन एकदाच बोलावू, स्वस्तात होईल.