चहाच्या टेबलावरचे ‘मेरिट’

गेल्या महिन्यात पुण्यातील एका संगणक परिषदेत बोलण्याचा योग आला. विषय होता जातिभेद, कंपन्या आणि कायदा. भाषण शांतपणे ऐकले गेले, टाळ्याही पडल्या. खरी गंमत झाली ती नंतर चहाच्या टेबलावर. एकाने हसत विचारले, “वकीलसाहेब, संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. त्यात तुम्ही जात कुठून घुसवली?” दुसरा म्हणाला, “आमच्याकडे फक्त मेरिट!” सगळे हसले. तेवढ्यात तिसऱ्याने विचारलेच, “तुमचे मूळ गाव कोणते हो? आणि पूर्ण आडनाव?” घ्या! हे यांचे मेरिट!

चहा संपला, उत्तर राहून गेले. ते येथे देतो.

संगणकाला जात नसते, त्याच्यापुढे बसणाऱ्याला असते. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा की, हा आयआयटीत राखीव जागेवर आला होता, असे एका दलित अभियंत्याबद्दल त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले. अभियंत्याने तक्रार केली तेव्हा जातिभेद बेकायदेशीर नाही, असे त्याला कंपनीतून ऐकवले गेले! कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरील दावा मागे घेतला गेला, हेही सांगितले पाहिजे. पण सातासमुद्रापार जात पोहोचली नाही, असे आता कोण म्हणेल?

माझे भाषण निदान झाले तरी. एप्रिल २०२२ मध्ये गुगलने थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरील व्याख्यानच रद्द केले. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना हिंदूविरोधी ठरवून आधीच ओरड केली होती. व्याख्यान ठरविणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी केली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण संगणक अभियांत्रिकीचे! त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या अशाच विधेयकावर मात्र गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला.

आणि आपल्याकडे? लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती सक्तीची आहे. जातीसाठी खासगी कंपनीत अशी सक्तीची समिती नाही. अॅट्रॉसिटी कायदा आहे, पण अपमान लोकांदेखत झालेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये, बाहेरचे कोणी नसताना काढलेली जात कलम ३(१)(आर) मध्ये बसविणे कठीण, हे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आम्हा वकिलांना चांगलेच ठाऊक आहे.

हे सारे आठवायचे कारण, त्या दिवशी निघताना गाडीपर्यंत एक तरुण मागे आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “जयभीम सर.” त्याचा टीम लीडर त्याला रोज ‘कोट्यातला’ म्हणतो. कधी मिटिंगमध्ये, कधी फोनवर. मी म्हटले, “तारीख, वेळ, ठिकाण आणि कोण कोण हजर होते, हे आज रात्रीच लिहून ठेव. मेसेज असतील तर पुसू नकोस. आणि रविवारी ऑफिसवर ये.”

तो तयार झाला. जाता जाता एवढेच विचारले, “सर, कंपनीत आडनाव कळणार नाही ना?”