वेळ विचारावी ती चौघांना

युनिक्स घराण्यातल्या कोणत्याही मशीनवर घड्याळ जुळवणं हे वरवर एका ओळीचं काम आहे. कॉन्फिग फाइलमध्ये टाइम सर्व्हरचं नाव लिहायचं, सर्व्हिस सुरू करायची, संपलं. पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो: डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपी हा वेळ जुळवण्याचा प्रोटोकॉल मांडला, चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाण झाली, आणि लिनक्सवर आज अनेक ठिकाणी तो वापरणारं क्रोनी हे सॉफ्टवेअर चालतं. पण सर्व्हर किती लिहायचे, याचा विचार फारसं कोणी करत नाही. माझ्या मते साऱ्या फाइलमधला हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चार असं आहे.

सर्व्हर आपल्याला वेळ सांगतो असं आपण म्हणतो, पण हाती येतो तो एक पट्टा. प्रश्न जाऊन उत्तर यायला ४० मिलिसेकंद लागले, तर जाताना किती आणि येताना किती हे कळायला मार्ग नसतो. एनटीपी दोन्ही बाजू सारख्या धरतो, म्हणून उत्तरात २० मिलिसेकंद इकडेतिकडे होण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. कीथ मार्झुलो यांनी १९८४ च्या प्रबंधात मांडलेली युक्ती इथे कामी येते: जास्तीत जास्त सर्व्हरचे पट्टे जिथे एकमेकांवर चढतात, तिथे खरी वेळ असावी, जो त्या जागेपासून दूर पडला तो खोटा. सगळी मौज या बहुमतात आहे. सर्व्हर एकच असेल तर तो बिनविरोध निवडून येतो. दोघांचं पटलं नाही तर बहुमतच होत नाही, क्रोनी दोघांनाही नाकारतं आणि घड्याळ आपल्या मनाने वाहत राहतं. तिघांत एक खोटा उघडा पडतो, पण एखादा बंद असला की पुन्हा दोघांचा पेच. म्हणून चार.

यावर कोणी म्हणेल, अणुघड्याळाला जोडलेला सरकारी सर्व्हर असताना एवढा संशय कशाला? १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे ‘टिक’ आणि ‘टॉक’ हे सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते! एनटीपीचं मूळ सॉफ्टवेअर एनटीपीडी हजार सेकंदांहून मोठा फरक दिसला की स्वतःच थांबतं, हे खरं. पण ‘-जी’ पर्याय दिला तर सुरुवातीच्या एका उडीला ही मर्यादा लागत नाही. शिवाय टिक आणि टॉक ही नावं दोन असली तरी घर एकच होतं. चार नावांमागे एकच संस्था असेल तर ती मतं चार धरू नयेत.

दुसरा आक्षेप कायद्याचा. भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी नातं सिद्ध होणाऱ्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. पण ही तर दोन वेगळी घरं झाली; उरलेल्या दोन जागा अशा नातं असलेल्या, निराळ्या जागच्या सर्व्हरना देता येतात. उबंटूवर वर्षानुवर्षं आयती मिळणारी टाइमसिंकडी ही वेळ जुळवणारी सर्व्हिस मात्र एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकते, म्हणून सर्व्हर मशीनवर ती मला पुरेशी वाटत नाही. क्रोनीत ‘मिनसोर्सेस’ची, म्हणजे घड्याळ हलवण्याआधी किमान किती सर्व्हर ग्राह्य ठरायला हवेत या आकड्याची, मूळ किंमत १ असते; ती निदान २ करा, आणि अधूनमधून सर्व्हरची यादी काढून कोणापुढे खोटेपणाची फुली आली आहे ते पाहा.