दारात जुनी मोठी गाडी, की नवी छोटी?

उसाचं बिल, कांद्याचे पैसे किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हातात आला, की घरात चारचाकीचा विषय निघतोच. आणि हल्ली तो निघाला की मुलगा किंवा दीर मोबाइल पुढे करतो. ‘हे बघा, ८ लाखांत ऑडी! नवी घेतली असती तर ३५-४० लाख पडले असते. तेवढ्याच पैशात ती डबीसारखी नवी गाडी कशाला घ्यायची?’ गटाच्या बैठकांमधून हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा आला, की आज त्याच्यावरच बोलायचं ठरवलं. कर्जाच्या कागदावर सही आपलीही असते आणि तारण म्हणून जाणारं सोनं तर बहुतेक वेळा आपलंच असतं. तेव्हा हा पुरुषांचा विषय म्हणून चहा करायला उठून जाऊ नका.

आधी एक समजून घेऊ. ४० लाखांची गाडी दहा वर्षांत ८ लाखांवर येते कशी? गाडी खराबच असते असं नाही. पहिली मालकी श्रीमंताची असते, त्याला दर चार-पाच वर्षांनी नवं मॉडेल लागतं. जुन्या मोठ्या गाडीला गिऱ्हाईक कमी, कारण ती सांभाळायची कशी हे ठाऊक असलेला माणूस ती घ्यायला धजत नाही. म्हणून भाव पडतो. पण एक गोष्ट पडत नाही, ती म्हणजे सुट्या भागांची किंमत. गाडी ८ लाखांची झाली तरी तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे टायर ४० लाखांच्या गाडीचेच राहतात. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही.

आता चाऱ्याचा हिशोब मांडू. समजा महिन्याला १,००० किलोमीटर फिरणं आहे आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. जुनी मोठी गाडी लिटरला १० किलोमीटर देत असेल, तर महिन्याचे १०,५०० रुपये. नवी छोटी २० देत असेल, तर ५,२५०. म्हणजे वर्षाला ६३,००० रुपयांचा फरक नुसत्या पेट्रोलमध्ये. एवढ्यात एक चांगली दुभती गाय येते, आणि ती दूध तरी देते.

कर्जाचंही तसंच. नव्या गाडीला बँक कमी व्याजाने आणि लांब मुदतीने कर्ज देते. जुन्या गाडीला व्याज जास्त, मुदत कमी, आणि गाडी दहा वर्षांची झाली असेल तर बऱ्याच बँका दारातही उभं करत नाहीत. समजा ६ लाख काढले. नव्या गाडीसाठी १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १२,७५० रुपये. जुनीसाठी १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १६,४०० च्या आसपास. बँक नाही म्हणाली की लोक गटाकडे वळतात. गटाचं कर्ज शेकडा दोन रुपयांनी म्हणजे वर्षाला २४ टक्के पडतं. शेळ्या, शिलाई मशीन, मसाल्याची गिरणी यांना ते परवडतं, कारण ती कमावतात. दाराशी उभी राहणारी गाडी कमावत नाही. गटाच्या पैशातून हौसेची गाडी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे, मग ती नवी असो की जुनी.

दुरुस्तीकडे येऊ. या मोठ्या कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत. तालुक्याच्या गॅरेजवाल्याचा हात कितीही चांगला असला तरी या गाड्यांचा बिघाड शोधायला त्या त्या कंपनीला चालणारं संगणकी यंत्र लागतं, ते त्याच्याकडे नसतं. काही गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेचं सस्पेन्शन असतं. ते गळायला लागलं की गाडी रात्रीतून एका बाजूला बसते आणि सकाळी टो करूनच न्यावी लागते. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत तर स्टेपनीच येत नाही. त्यांचे टायर पंक्चर होऊनही काही अंतर चालतात, ही सोय चांगली आहे, पण टायर कायमचा गेला तर गावात तसा दुसरा मिळायचा कुठे? शिवाय गाडीचं पोट खाली. आपल्या गावातले गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात ते तुम्हाला माहीतच आहे.

विम्याची गंमत कमी लोकांना कळते. गाडी जुनी होते तशी विम्यात तिची किंमत कमी धरली जाते, हे ठीक. पण अपघात झाला, तर साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. पत्रा आणि लोखंडी भागांचं गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, दहा वर्षांवरच्या गाडीला तिथेही निम्मे. ही कपात टाळणारी झीरो डेप पॉलिसी एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. म्हणजे पुढचा बंपर फुटला आणि बिल ८०,००० आलं, तर ४०,००० घरातून. त्यात १,५०० सीसीच्या वरच्या इंजिनाला थर्ड पार्टी विम्याचा हप्ता मधल्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त, हे २०२२ मध्ये ठरलेले दर सांगतात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

वयाचं आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर त्याची बातमी झाली होती. त्या वर्षी नोंदवलेल्या गाड्यांची १५ वर्षं २०२५ मध्ये भरली. त्यानंतर गाडी चालवायची तर तपासणी, पुन्हा नोंदणीची फी आणि पर्यावरण कर, आणि हे दर पाच वर्षांनी. दहा-बारा वर्षांची गाडी घेताना ही वेळ किती जवळ आली आहे ते बघा.

दिल्लीच्या गाड्या खूप स्वस्त मिळतात, असंही कानावर येतं. त्याचं कारण आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली, म्हणून लोक त्या बाहेरच्या राज्यांत विकतात. पण ती गाडी आपल्याकडे कायमची ठेवायची तर तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र लागतं आणि महाराष्ट्राचा रस्ता कर इथे भरावा लागतो. स्वस्ताईतला मोठा वाटा तिथेच जातो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की यांना मोठ्या गाडीचा रागच आहे. या गाड्या बांध्याने भक्कम असतात. दहा वर्षांपूर्वीच्या बड्या गाडीत सहा एअरबॅग होत्या, तेव्हा छोट्या गाडीत एकही नसायची. लांबच्या प्रवासात पाठ दुखत नाही, आजारी माणसाला न्यायला सुखाची. ज्यांच्या घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, शहर जवळ आहे, आणि वर्षाला लाखभर रुपये दुरुस्तीला बाजूला ठेवता येतात, त्यांनी हौस जरूर करावी. सुरक्षेत मात्र छोट्या गाड्याही पुष्कळ पुढे आल्या आहेत. पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग आता सक्तीची आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाची धडक चाचणी सुरू झाली आहे. नवी गाडी घेताना तिला तारे किती मिळाले, हे दुकानदाराला तोंडावर विचारा. रंग कोणता हे नंतर बघू.

नवी गाडीही फुकटात येत नाही. जाहिरातीतली किंमत ही शोरूमची. ७ लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात ११ टक्के म्हणजे ७७,००० रुपये रस्ता कर लागतो, वर विमा आणि नोंदणी. पहिल्या वर्षी भावही बराच उतरतो. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला, म्हणून हे अंतर पूर्वीपेक्षा कमी झालं आहे.

मधला एक रस्ता आहे आणि आम्हाला तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तीन-चार वर्षं वापरलेली, साध्या कंपनीची गाडी. पहिल्या मालकाने पहिली मोठी घसरण सोसलेली असते, गाडीत जीव असतो, आणि फिल्टरपासून क्लचप्लेटपर्यंत सगळं तालुक्याला मिळतं. फक्त नीट बघून घ्या. नंबर टाकून वाहन पोर्टलवर मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, ते दिसतं. थकलेली चलनंही ऑनलाइनच बघून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली, कोल्हापूर, चिपळूणला कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत चिखलाची रेघ राहिलेली असते. गालिचा उचलून वास घ्या. सीटच्या बोल्टांना गंज आहे का बघा. मीटरवर ४०,००० किलोमीटर आणि पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटर मागे फिरवलं आहे असं समजा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो.

कुठलीही गाडी घ्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसं नेऊ नका. हप्ता निघेल म्हणून लोक लग्नाची भाडी मारतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भाड्यानेच चालवायची तर पिवळी पाटी आणि परवाना काढा.

जुनी गाडी घेतली की ती नावावर करून घेणं पुढे ढकलू नका. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घेऊन ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज गेला पाहिजे, आणि विमा १४ दिवसांत बदलायला टाकायचा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी हातात घ्या, पैसे नंतर. घरची जुनी गाडी विकत असाल तर तुमची काळजी आणखी मोठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल. गाडी चार हात पुढे गेली आणि कुणाला धडकली, तरी भरपाईची नोटीस तुमच्या घरी येऊ शकते.

आणि नाव कुणाचं? सोनं तुमचं मोडलं असेल तर आरसी बुकावर तुमचं नाव मागा. ते जमलं नाही तर निदान वारस म्हणून नोंद करून घ्या, २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. मालकाचं बरंवाईट झालं तर गाडी नावावर करायला मग हेलपाटे कमी पडतात. गाडी तुमच्या नावावर झाली तर लायसन्सही काढा. मालकाला मिळणारं १५ लाखांचं अपघात संरक्षण लायसन्स असेल तरच लागू होतं. शिकाऊ परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि चालवायला शिकायचं तर चार मीटरची गाडी गल्लीतून वळवणं पाच मीटरच्या गाडीपेक्षा कितीतरी सोपं आहे.