पाडलेल्या धर्मशाळांच्या मागावर : वीर ते महाड

सकाळी 6.30
वीर स्टेशन. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला. त्याआधी इथला प्रवास रस्त्याने नाहीतर सावित्रीच्या खाडीतून. पायी किंवा बैलगाडीने निघालेल्याला रात्री आसरा लागे. असा आसरा देणाऱ्या, जुन्या वाटांवरच्या धर्मशाळा पडल्या, पाडल्या गेल्या. त्यांच्या जागा शोधून नोंदवणे हे आमचे काम.

7.30
गावात चौकशी. "धर्मशाळा कुठे होती?" असे विचारले की लोक देवळाकडे बोट दाखवतात. म्हणून विचारायचे, "आजोबा, गाडीवान बैल कुठे सोडायचे? पाणी कुठले प्यायचे?" पडक्या इमारतीचे दगड, वासे, कौले घराघरांत जातात, विहीर जागेवर राहते. म्हणून आधी पाणी शोधायचे, मग जोते.

9.00
झुडपे बाजूला करून जोत्याची लांबी-रुंदी घ्यायची. घडीव चिरे, चुन्याचा थर, कौलांचे तुकडे, भाजलेली माती यांचे मोजपट्टी ठेवून फोटो. चुलींच्या खुणा ओळीने दिसल्या तर तिथे अनेकांचा स्वयंपाक वेगवेगळा होत असावा, असे धरता येते. खोदायचे मात्र नाही. परवानगीशिवाय केलेले खोदकाम पुरावाच नष्ट करते.

12.00
महाडला कागद. सातबारा, जुने फेरफार, मोजणीचे नकाशे. इमारत गेली तरी जमिनीची नोंद मागे उरू शकते.

2.30
महाडजवळची गांधारपाले लेणी. कुमार काणभोज विष्णुपालिताने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याचा लेख इथे आहे. डोंगरात कोरलेले हे दान टिकले. वाटसरूंसाठी बांधलेल्या निवाऱ्यांचे तसे झाले नाही. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने शूर्पारक, म्हणजे सोपारा, इथे आणि आणखी तीन नगरांत बांधलेल्या चौसोपी निवाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांतला एकही आज उभा नाही. उरला तो लेख.

5.00
परतताना दासगाव. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी बोटीने या बंदरात उतरले आणि महाडच्या परिषदेला चालत गेले. त्याआधी 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. ठराव करावा लागला, कारण वाटसरूसाठी बांधलेल्या घराचे दारही प्रत्येक वाटसरूला उघडत नव्हते. या ठरावानंतर महाडचे चवदार तळे नगरपालिकेने कागदावर खुले केले. तिथले पाणी प्यायला 20 मार्च 1927 चा सत्याग्रह लागला.

7.00
दिवसाची टिपणे. जागा, मापे, पाणी, दात्याचे नाव. त्याखाली आम्ही आणखी एक रकाना ठेवला आहे : 'प्रवेश कोणाला होता?' दगडावर दात्याचे नाव कोरले जाते, बाहेर थांबवलेल्याचे नाही. त्याची आठवण अजून त्याच्या नातवंडांकडे आहे. ती ऐकून लिहून घेतल्याशिवाय कुठल्याही धर्मशाळेचा इतिहास पुरा मानायचा नाही, आणि हे काम उरलेल्या खुणा पुसल्या जाण्याआधी व्हायला हवे.